कोलोरॅडोची पगारी कुटुंब रजा: स्थानिक संस्थेने सहभाग घ्यावा की नकार द्यावा?

ठराव मांडण्याआधी कर्मचारी मोजा. आदल्या कॅलेंडर वर्षात किमान २० आठवडे तुमच्याकडे १० किंवा जास्त जण कामावर होते का, यावरच निम्मा निर्णय ठरतो. ‘फॅमली’ (FAMLI) म्हणजे कोलोरॅडो राज्याच्या या पगारी रजा योजनेत शहर, काउंटी, शाळा डिस्ट्रिक्ट, अग्निशमन किंवा मेट्रो डिस्ट्रिक्ट (वसाहतीला रस्ते, पाणी अशा सेवा पुरवणारी संस्था) अशा स्थानिक संस्थांपुढे तीन वाटा आहेत: पूर्ण सहभाग, पूर्ण नकार, किंवा संस्थेचा हिस्सा नाकारून इच्छुक कर्मचाऱ्यांचा हप्ता तेवढा पगारातून कापून भरणे.

आधी पैशाचे बोलू. २०२६ साठी हप्ता पगाराच्या ०.८८ टक्के आहे, निम्मा कर्मचाऱ्याचा आणि निम्मा संस्थेचा. २० कर्मचारी आणि सरासरी वार्षिक पगार ६०,००० डॉलर धरला, तर एकूण हप्ता वर्षाला १०,५६० डॉलर होतो. त्यात संस्थेच्या खिशातून जातात ५,२८० डॉलर. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील तर संस्थेचा हिस्साच लागत नाही, कर्मचाऱ्याचे ०.४४ टक्के कापून भरले की झाले. अशा छोट्या गावाने पूर्ण नकार देण्यात आम्हाला काहीच अर्थ दिसत नाही. वाचते ती फक्त कारकुनी, आणि हक्काची रजा मात्र कर्मचाऱ्याला आपोआप मिळत नाही.

ही रजा १२ आठवड्यांची असते. गरोदरपणात किंवा बाळंतपणात गुंतागुंत झाली तर आणखी ४ आठवडे मिळतात, आणि २०२६ पासून बाळ नवजात अतिदक्षता विभागात असेल तर वेगळे १२ आठवडे. आठवड्याला १,००० डॉलर कमावणाऱ्याला साधारण ८०० डॉलर मिळतात. २०२६ ची कमाल मर्यादा आठवड्याला १,३८१.४५ डॉलर आहे.

पूर्ण सहभाग घेतला की कामे चार. दर तिमाहीला पगाराची माहिती आणि हप्ता पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत भरायचा. योजनेची सूचना कार्यालयात लावायची आणि नव्या माणसाला रुजू होतानाच द्यायची. १८० दिवस काम केलेल्याची नोकरी राखून ठेवायची. रजेच्या काळात आरोग्य विमा चालू ठेवायचा. चूक बहुतेक वेळा पगारपत्रकात होते. कर्मचाऱ्याचा हिस्सा वेळेवर कापायचा राहिला तर तो नंतर मागाहून वसूल करता येत नाही, संस्थेलाच भरावा लागतो. दुसरी चूक म्हणजे ‘आधी साठलेली रजा संपवा, मग फॅमली घ्या’ असे सांगणे. तशी सक्ती करता येत नाही.

नकार द्यायचा तर नुसता प्रशासकाचा निर्णय चालत नाही, निवडून आलेल्या मंडळाचे मतदान लागते. त्याआधी जनतेला रीतसर सूचना, कर्मचाऱ्यांना वेगळी लेखी सूचना आणि म्हणणे मांडायची संधी द्यायची. मतदानानंतर फॅमली विभागाला आणि कर्मचाऱ्यांना लेखी कळवायचे. कर्मचाऱ्यांची सूचना राहून गेली की ठरावाच्या मुळावरच प्रश्न येतो, म्हणून ती कोणत्या तारखेला कोणाला दिली हे इतिवृत्तात नोंदवा.

पूर्ण नकारानंतरही कर्मचाऱ्याला स्वतःहून सामील होता येते. तो हप्त्यातला आपला निम्मा भागच भरतो, संस्थेचा नाही, पण किमान ३ वर्षांसाठी बांधला जातो, आणि नोंदणी, पगाराची माहिती, भरणा हे सगळे त्याच्याच माथी येते. रस्ते विभागातल्या किंवा शाळेच्या बसवरच्या माणसाकडून दर तिमाहीला हे वेळेवर होईल अशी अपेक्षा धरणे फारसे न्याय्य नाही. म्हणून नकारच द्यायचा असेल तर तिसरी वाट घ्या. संस्थेचा हप्त्याचा खर्च शून्य राहतो, आणि वाढते ते पगारपत्रकात एका कपातीचे काम.

‘फेडरल एफएमएलए (देशभर लागू असलेला कुटुंब व वैद्यकीय रजा कायदा) आहेच की’ हा युक्तिवाद बैठकीत हमखास येतो. ती रजा बिनपगारी असते. शिवाय सार्वजनिक संस्था कितीही लहान असली तरी त्या कायद्याखाली येते, पण कर्मचारी पात्र ठरायला १२ महिने नोकरी, १,२५० तास काम आणि ७५ मैलांच्या आत ५० कर्मचारी लागतात. पंधरा कर्मचारी असलेल्या गावात कोणीच पात्र ठरत नाही. तिथे नकाराच्या ठरावासोबतच नोकरी राखून ठेवण्याचे कलम स्वतःच्या रजा धोरणात घाला.

नकाराचा ठराव जास्तीत जास्त ८ वर्षे टिकतो. २०२२ मध्ये मतदान केलेल्या संस्थांना नकार कायम ठेवायचा असेल तर २०३० मध्ये मुदत संपण्याआधी, सूचनांसकट, सगळी प्रक्रिया पुन्हा करावी लागेल. ती तारीख आताच दिनदर्शिकेत टाका; २०२२ चे सदस्य तेव्हा मंडळावर असतीलच असे नाही.