कर्करोगाचा कलंक मोजायचाय, पण कोणत्या प्रश्नावलीने?

कर्करोगामुळे वाट्याला येणारी लाज, दोष, भेदभाव म्हणजे कलंक (इंग्रजीत ‘स्टिग्मा’). तो मोजायला, प्रबंधासाठी किंवा वॉर्डातल्या छोट्या पाहणीसाठी, तयार प्रश्नावली शोधायला बसलं की चार-पाच नावं हटकून समोर येतात. त्यातलं एक आधीच बाजूला काढा. मार्लो आणि वॉर्डल यांची ‘कॅन्सर स्टिग्मा स्केल’ (२०१४) नावावरून अगदी हवी तीच वाटते, पण तिची २५ विधानं रुग्णांसाठी नाहीतच. कर्करोग झालेल्या माणसाजवळ अवघडल्यासारखं होतं का, दोष त्याचाच वाटतो का, बँकेने त्याला कर्ज नाकारलं तर चालेल का, अशी ती विचारपूस आहे. लोकांचं मन जोखायला उत्तम. रुग्णाने काय सोसलं ते तिच्यातून कळणार नाही.

रुग्णांना विचारायचं आणि कर्करोग निरनिराळ्या प्रकारचे असतील, तर फाइफ आणि राइट यांची ‘सोशल इम्पॅक्ट स्केल’ (२०००) घ्यावी. एचआयव्ही आणि कर्करोग अशा दोन्ही रुग्णांसाठी ती बेतलेली आहे. विधानं २४, भाग चार: समाजाने झिडकारणं, पैशाची चणचण, मनातली लाज आणि एकटेपणा. मात्र गुणांच्या एकूण बेरजेवर विसंबू नका. मालकाने किंवा सहकाऱ्यांनी भेदभाव केला, असं एक विधान तिच्यात आहे. कधीच नोकरी न केलेली बाई तिथे ‘असहमत’वर खूण करते. गुण घटतात, कलंक नाही. पैशाच्या भागाचंही तसंच: उपचारांनी खिसा रिकामा होणं हा वेगळाच जाच आहे. म्हणून चारही भागांचे गुण स्वतंत्र मांडा.

दुसरी अडचण मला याहून मोठी वाटते. ज्याने आजार कुणालाच सांगितला नाही, त्याला झिडकारणार कोण? भेदभावाच्या प्रश्नांवर तो सगळ्यात सुखी दिसेल.

ही फट ‘लंग कॅन्सर स्टिग्मा इन्व्हेंटरी’ने (हॅमन आणि सहकारी, २०१८) नेमकी हेरली आहे. तिच्या २५ विधानांत इतरांनी धरलेला दोष आणि स्वतःला लावलेला बोल यांच्या जोडीला ‘सांगता न येणं’ हा तिसरा भागच आहे. कॅटाल्डो यांची फुफ्फुसाच्या कर्करोगाचीच प्रश्नावली (२०११) तिच्याआधीची, ३१ विधानांची, बर्गर यांच्या एचआयव्हीच्या प्रश्नावलीवरून घडवलेली. धूम्रपानाचा भाग तिच्यात वेगळा आहे. जुन्या अभ्यासांशी आकडे ताडून पाहायचे असतील तर ती घ्या, एरवी माझं मत इन्व्हेंटरीला. दोन्ही फुफ्फुसापुरत्याच. स्तनाच्या कर्करोगाला त्या जशाच्या तशा लावू नयेत.

जबडा, जीभ, घसा यांच्या रुग्णांना किसेन यांची ‘शेम अँड स्टिग्मा स्केल’ (२०१३) चपखल बसते. विधानं २०च, पण बदललेला चेहरा, बोलताना होणारा संकोच, मागच्या सवयींचा पश्चात्ताप हे सगळं त्यांत येतं.

मोठ्या सर्वेक्षणात कलंकासाठी जेमतेम अर्धं पान मिळणार असेल, तर दीर्घ आजारांसाठीची आठ विधानांची ‘एसएससीआय-८’ (स्टिग्मा स्केल फॉर क्रॉनिक इलनेसेस) आहे. मुळात ती मज्जासंस्थेच्या आजारांसाठी बेतलेली. एकूण अंदाज येतो, बारकावे जातात.

यातली कुठलीही घ्या, मूळ कर्त्यांची परवानगी काढा, भाषांतर आधी चार-पाच रुग्णांसमोर मोठ्याने वाचून बघा. आणि पहिल्याच पानावर स्वतःचा एक प्रश्न घाला: आजाराबद्दल आजवर कुणाकुणाला सांगितलंय? उत्तर ‘कुणालाच नाही’ असेल, तर त्या रुग्णांचे गुण वेगळ्या रकान्यात मांडा.