आजोबांची सायकल: अठ्ठावीसच ठेवावी की ७०० सी करावी?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कितीतरी घरांत सळीच्या ब्रेकची काळी सायकल अजून गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी आहे. ती रस्त्यावर काढायची म्हटलं की पहिला खर्च टायरचा, आणि हमखास कुणीतरी सुचवतं, ‘रिमच बदल की!’ म्हणजे जुनं अठ्ठावीस इंची चाक काढून ७०० सी, हे आजच्या सायकलींचं नेहमीचं माप, बसवायचं.

आधी टायरच्या बाजूवरची धूळ पुसून आकडा वाचा. २८ × १½ म्हणजे ४०-६३५: रुंदी ४० मिमी, आणि टायर रिमवर बसतो तिथला व्यास ६३५. ७०० सीचा व्यास ६२२. फरक १३ मिमीचा, पण तेवढ्यानं सगळं अडतं. सळीचा ब्रेक रिमला आतून, हबकडच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याकडच्या) बाजूनं घासतो. ७०० सीच्या रिमला तो धरत नाही, म्हणजे ब्रेकही नवे. त्यात मागच्या हबला बहुधा ४० तारा असतात आणि बाजारातल्या रिमा ३६ किंवा ३२ भोकांच्या. म्हणजे हबही गेला. एवढं सगळं बदलून उरतं काय, फ्रेम आणि घंटी! माझ्या मते अशा सायकलीला अठ्ठावीसच ठेवावी.

२७ × १¼ ची स्पोर्ट्स सायकल असेल तर मात्र ७०० सी जरूर करा. तिथं व्यास ६३०, म्हणजे फरक ८ मिमीचा आणि एका बाजूला त्याच्या निम्मा; ब्रेकचे रबर फक्त ४ मिमी खाली सरकवायचे. टायरही मग २८ पासून ३५ मिमीपर्यंत हवे ते मिळतात.

सव्वीसवाल्यांनी दुकानात नुसतं ‘सव्वीसचा द्या’ म्हणू नये. २६ × १⅜ चा व्यास ५९०, २६ × १.९५ चा ५५९. एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही.

रुंदी रस्ता बघून ठरवा. कॅम्प-टिळकवाडीच्या डांबरावर ३२ मिमी पुरे. खानापूरहून जांबोटीकडं जाणार असाल तर चिमट्यात (फ्रेमच्या ज्या दोन दांड्यांमध्ये चाक बसतं त्यांत) मावेल तेवढा रुंद टायर घ्या आणि हवा थोडी कमी ठेवा. रुंद टायरमुळं खड्ड्यात रिम वाचते; हवा मात्र फार कमी करू नका. बैलहोंगलकडच्या काळ्या मातीत मात्र उलटं. पावसाळ्यात रुंद टायर चिखल उचलतो, तो मडगार्डमध्ये ठासून बसतो आणि चाक जाम होतं. तिकडं टायर आणि मडगार्डमध्ये निदान बोटभर फट हवीच. जोडी विकत घेण्याआधी एक टायर चढवून, हवा भरून, चाक फिरवून बघा; चाकाचा आउट (फिरताना डावी-उजवीकडं डुलणं) काढलेला नसेल तर तो आधी काढून घ्या.