जुन्या बुलेटचा गिअरबॉक्स गळतोय: ग्रीस ठोकायचं की सील बदलून ९० नंबर गिअर ऑइल?

जुनी बुलेट घरात आली की तिच्याखाली पुठ्ठा येतोच. आमच्या ओट्यावर शहाबादी फरशी आहे आणि ८६च्या गाडीने तिच्यावर इतके काळे ठिपके काढलेत की आई म्हणते, रांगोळीला जागा ठेवली नाही रे तुम्ही बापलेकांनी. म्हणून गळतीचे दोन्ही उपाय मी करून बसलोय, आधी ग्रीस मग ऑइल, दोन्हीवर दीड-दोन वर्षं गाडी पळवली, ज्याला आता ठरवायचंय त्याला उपयोग होईल म्हणून लिहितो. हे फक्त कास्ट आयर्न इंजिनच्या, उजव्या पायाला गिअर असलेल्या चार गिअरच्या अल्बियन नावाच्या गिअरबॉक्सबद्दल. नंतरच्या बुलेटच्या युसीई (युनिट कन्स्ट्रक्शन) इंजिनात गिअरबॉक्स इंजिनच्याच केसमध्ये आहे, तिथे हा प्रश्नच येत नाही.

आधी एक काम करा, गळतंय ते नेमकं कुठलं तेल आहे ते बघा. या गाडीत इंजिनचं वेगळं, प्रायमरीचं (इंजिनकडून क्लचकडे जाणाऱ्या चेनच्या केसचं) वेगळं आणि गिअरबॉक्सचं वेगळं, आणि तिन्ही खाली येऊन एकाच ठिकाणी टपकतात. ९० नंबरला गंधकासारखा उग्र वास असतो, बोटाला चिकट लागतो, एकदा वास घेतला की विसरत नाही. मी काय केलं, डिझेलने खालची बाजू स्वच्छ धुतली, कपड्याने कोरडी केली, वर बायकोची टाल्कम पावडर मारली आणि यावलपर्यंत एक चक्कर. पावडरीत ओली रेघ कुठून सुरू होते ते लगेच कळतं. (पावडरीच्या डब्याचं काय झालं ते विचारू नका.)

उजवीकडून गळत असेल, म्हणजे किक शाफ्टपाशी किंवा कव्हरच्या पॅकिंगमधून, तर फार विचार करू नका, तासाभराचं काम आहे. कव्हर काढा, जुनं पॅकिंग खरवडा, नवीन कागदी पॅकिंग शेलॅक लावून बसवा. सिलिकॉन बरेच जण लावतात, मीही लावलंय, चालतं, फक्त टूथपेस्टसारखं थापू नका, आतल्या बाजूला दाबलं गेलेलं तुटून तेलात फिरत बसतं.

खरा प्रश्न डावीकडचा आहे. पुढच्या स्प्रॉकेटच्या मागचं सील. तिथे पोचायचं म्हणजे फूटरेस्ट, ब्रेक पॅडल, प्रायमरी कव्हर, क्लच, मागचं चेनकेस आणि मग स्प्रॉकेट, एवढा संसार खाली काढावा लागतो. सील स्वस्त, मजुरी महाग. म्हणून मग कोणीतरी ग्रीसचा सल्ला देतंच. मला भुसावळच्या एका चाचांनी दिला होता, "ग्रीस ठोक देते हैं बेटा, झंझट खतम." पन्नासेक वर्षं बुलेटच खोलतोय तो माणूस, त्यांच्यासमोर आपण काय बोलणार, म्हटलं ठोका.

आणि खरं सांगतो, गळती थांबली. दुसऱ्या दिवशी पुठ्ठा कोरडा, आठवड्याने कोरडा, महिन्याने कोरडा, मी तर आईला बोलावून दाखवला. गिअरचा आवाजही जरा मऊ झाला. उन्हाळ्यात ग्रीस वितळून बाहेर येईल असं दोघा-तिघांनी घाबरवलं होतं, आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो म्हणून, पण चांगलं लिथियम ग्रीस १८० डिग्रीच्या आसपास पातळ होतं, जळगावचं ऊन कितीही असलं तरी तेवढं नाही. थोडं मऊ पडतं, कडेने जरासं तेल सोडतं, बस. थंडीत मात्र सकाळी पहिली दहा मिनिटं गिअर ओलं लाकूड फोडल्यासारखे पडायचे आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे फुकटचं न्यूट्रल सापडायचं. ते पण चालवून घेतलं असतं मी.

चालवून घेता आलं नाही ते वेगळंच. सारंगखेड्याच्या यात्रेला गेलो होतो डिसेंबरात, घोडे बघून परत येताना दोंडाईचाच्या पुढे तिसऱ्या गिअरला गाडी किंचाळायला लागली. चौथ्यात एकदम गप्प. आधी वाटलं चेन असेल, पण चेन असती तर चौथ्यातही ओरडली असती. या बॉक्सला टॉप गिअर डायरेक्ट आहे, मेनशाफ्ट (मुख्य दांडा) सरळ स्लीव्ह गिअरला (स्प्रॉकेट फिरवणाऱ्या गिअरला) धरते आणि लेशाफ्टवर (बाजूच्या दुसऱ्या दांड्यावर) लोड राहत नाही, म्हणजे आवाज लेशाफ्टचा. मग काय, जळगावपर्यंत जमेल तेवढं चौथ्यातच आणलं, गावात शिरलं की क्लच रगडायचा, बैलगाडी मधे आली की शिव्या गिळायच्या.

घरी येऊन कव्हर उघडलं तर आत ग्रीस होतं ना भो, भरपूर होतं! पण सगळं भिंतीला, भरीत काढून घेतल्यावर कढईच्या कडेला राहतं तसं. गिअरनी स्वतःपुरता बोगदा कोरून घेतला होता आणि त्या बोगद्यात ते कोरडे फिरत होते. लेशाफ्टच्या बुशची (दांडा ज्यात फिरतो त्या धातूच्या नळीची) बाजू निळी पडलेली. आणि खाली पुठ्ठा? स्वच्छ. मी दीड वर्ष ज्या पुठ्ठ्याकडे बघून खूश होतो त्याने मला काहीच सांगितलं नव्हतं. ग्रीस भरल्यावर आत किती उरलंय, जिथे पाहिजे तिथे आहे की नाही, हे बाहेरून बघायला मार्गच नाही. काडी घातली तर काडीला ग्रीस लागणारच, ते भिंतीचं आहे की गिअरचं ते काडी सांगत नाही. मला तरी याचाच वैताग आला.

चाचांची बाजूही सांगतो. ते म्हणाले, मी भरलं ते जरा घट्ट होतं, व्हील बेअरिंगचं ३ नंबरचं ग्रीस घालायलाच नको, पातळ ०० ग्रेडचं घालायचं किंवा ९० नंबरमध्ये मिसळून मलईसारखं करायचं, ते वाहत परत गिअरवर येतं. बरोबर असेल त्यांचं. महिन्यातून एकदा लग्नात मिरवायला गाडी काढणार असाल, बाकी वेळ झाकून ठेवणार असाल, तर पातळ ग्रीस वाईट नाही, मी नाही म्हणणार नाही.

मी मात्र बुश बदलतानाच डावी बाजूही खोलून घेतली. इथे एक गोष्ट नीट बघा, नाहीतर सगळा खर्च पाण्यात. सील ज्या कॉलरवर फिरतं तिला नख लावून बघा, नख अडकत असेल तर चर पडलीय, तिच्यावर नवीन सील महिनाभर टिकेल, मग परत ठिपके. माझ्या गाडीला चर होती, पार्ट बदलला. दुसरं, स्लीव्ह गिअरच्या आतलं बुश. ते झिजलं असेल तर मेनशाफ्ट डुलते आणि तेल तिच्या कडेकडेने थेट क्लचकडे जातं, तिथे कुठलंच सील कामाला येत नाही. बाहेर गळत नाही पण प्रायमरीचं तेल आपोआप वाढतंय आणि क्लच सटकतोय असं दिसलं तर हेच समजा.

ऑइल ९० नंबरच, पण डब्यावर जीएल-४ (गिअर ऑइलचा दर्जा) लिहिलेलं शोधा. दुकानदार जीएल-५ पुढे करतो, नवीन आहे भारी आहे म्हणून, पण त्यातलं जास्तीचं गंधक-फॉस्फरस पितळ आणि ब्राँझच्या बुशला खाऊ शकतं, आणि हा बॉक्स बुशवरच चालतो. लेव्हलच्या वर भरू नका, जास्त झालेलं तेल वाट शोधतंच.

आता गाडी अजिबात गळत नाही असं म्हणालो तर खोटं होईल. रात्रभरात एक थेंब, रुपयाच्या नाण्याएवढा, पडतो. आईचं बोलणं चालू आहे. पण तो थेंब पडला की मला कळतं आत तेल आहे, आणि दोन-तीन महिन्यांनी काडी घालून बघितलं की किती आहे तेही कळतं, लागलं तर घोटभर वर टाकतो. गिअर लोण्यासारखे पडतात, जानेवारीतही. तुमच्या हाताला, तुमच्या रस्त्याला कदाचित वेगळा अनुभव येईल, माझी गाडी आठवड्यातून तीनदा तरी शेतात जाते हे धरून वाचा.

ग्रीसवरून ऑइलवर यायचं ठरवलं तर वरून नुसतं ९० नंबर ओतू नका. कव्हर काढून आधी लाकडी चमच्याने निघेल तेवढं ग्रीस काढा, मग डिझेलने धुवा, गाडी मेन स्टँडवर घेऊन मागचं चाक हाताने फिरवत परत धुवा. माझ्या बॉक्समधून तिसऱ्यांदा धुतल्यावरही गोळे निघत होते, आणि एका गोळ्यात कधीकाळी हरवलेला वॉशर सापडला.