दहा बाय दहाच्या खोलीत पाच फुटी गादी की सहा फुटी?

गादीच्या दुकानात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, "क्वीन का किंग?" आणि खोली केवढी आहे हे न सांगताच आपण "किंगच दाखवा" म्हणून मोकळे होतो. घ्यायचंच तर मोठं घ्यायचं, हा कोल्हापुरी बाणा. पण राजारामपुरीतला जुना फ्लॅट असो नाहीतर कळंबा-पाचगावकडची नवी अपार्टमेंट, बेडरूम बरेचदा दहा बाय दहा नाहीतर दहा बाय अकराचीच असते. अशा खोलीत गादीचं माप ठरतं ते कपाट लावल्यावर उरलेल्या फरशीवरून.

आधी मापं इंचात करून घ्या, कारण फुटांत बोललं की घोळ होतो. किंग म्हणजे ७२ इंच रुंद, क्वीन ६० इंच, डबल ४८ आणि सिंगल ३६ (३० इंची सिंगलही मिळते). लांबी तिन्ही तऱ्हेची असते : ७२, ७५ आणि ७८. आपला सुतार "सहा बाय सहा" म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात बहुतेक ७२ बाय ७२ असतं, आणि ऑनलाइन किंग म्हणून मागवलेली गादी ७८ बाय ७२ ची निघू शकते. मग सहा इंच गादी पलंगाच्या बाहेर.

आता दहा फुटी खोलीचा हिशोब. भिंतीपासून भिंतीपर्यंत १२० इंच. एका भिंतीला दोन फूट खोल कपाट धरा, उरले ९६. पलंगाची चौकट गादीपेक्षा दोन्ही बाजूंनी मिळून चारेक इंच जास्त जाते, म्हणजे सहा फुटी गादीचा पलंग ७६ इंचांचा आणि पाच फुटीचा ६४ चा. सहा फुटी पलंग समोरच्या भिंतीला टेकवला तर कपाट आणि पलंग यांच्यात राहतात २० इंच. कपाटाचं दार साधारण १८ इंचांचं. ते उघडेल, पण उघडल्यावर तुम्ही उभे कुठं राहणार? पलंगावर चढूनच साड्या काढाव्या लागतील. पाच फुटी पलंगाला तिथंच ३२ इंच मिळतात. दार उघडतं, माणूस उभा राहतो, खालचा ड्रॉवरही बाहेर येतो.

शिवाय पलंग भिंतीला अगदी चिकटवू नये. जून ते सप्टेंबर आपल्याकडच्या बाहेरच्या भिंती ओल धरतात, आणि चिकटलेल्या गादीच्या त्या बाजूला बुरशीचे काळे ठिपके येतात. तीन इंच सोडा. म्हणजे सहा फुटीला १७ इंच उरले आणि पाच फुटीला २९. दहा बाय दहात कपाट असेल तर माझं मत पाच बाय साडेसहालाच. सरकत्या दाराचं कपाट केलं तर सहा फुटी कशीबशी बसेल, पण त्या १७ इंचांतून रोज आडवं होऊन जायची तयारी ठेवा.

खोली दहा बाय बारा असेल तर मात्र गणित पार बदलतं. बारा फुटांच्या भिंतीवर १४४ मधून कपाटाचे २४ आणि पलंगाचे ७६ वजा केले की ४४ इंच उरतात. दोन्हीकडं २२-२२ इंच, दोघांनाही आपापल्या बाजूनं उतरता येतं. तिथं किंग घ्या, हौस भागवून घ्या. कपाट पायथ्याशी असलं तरी जमतं : डोक्याकडची फळी धरून पलंगाची लांबी ८४ इंच, कपाट २४, मधे ३६ इंच मोकळे.

ही मापं बिल्डरच्या नकाशावरून काढू नका. रेरा कायद्यामुळं आता कार्पेट एरिया सांगतात हे खरं, पण त्यात घरातल्या आतल्या भिंतींची जागाही धरलेली असते. त्यावरून खोलीचं माप कळत नाही. टेप लावा, आणि स्कर्टिंगपासून (भिंतीच्या पायथ्याची पट्टी) स्कर्टिंगपर्यंत लावा. टेप नसेल तर फरशी मोजा. हल्लीच्या व्हिट्रिफाइड टाइल्स बहुतेक दोन बाय दोन फुटांच्या असतात : अडीच फरश्या म्हणजे पाच फुटी गादी, तीन फरश्या म्हणजे सहा फुटी. खडूनं आखून दोन दिवस तसंच राहू द्या. दार उघडताना, केर काढताना कोण कुठं अडतंय ते आपोआप दिसेल.

झोपणारी माणसं किती, हा दुसरा प्रश्न. दोघांना पाच फुटी गादीवर प्रत्येकी ३० इंच मिळतात, सहा फुटीवर ३६, म्हणजे एकेक अख्खी सिंगल. चार फुटी 'डबल' वर २४ इंच, आणि ती दोन मोठ्या माणसांनी रोज वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. एकट्याला मात्र ती ऐसपैस. आपल्याकडं मूल चार-पाच वर्षांचं होईपर्यंत आई-बापाच्या मधेच झोपतं; तेव्हा पाच फुटीवर तिघांना वीस-वीस इंच, आणि मूल झोपेत आडवं झालं की बापाची रवानगी हॉलमध्ये. इथं सहा फुटीची बाजू खरंच भक्कम आहे. पण त्या चार-पाच वर्षांसाठी खोली पुढं पंधरा वर्षं अडवून ठेवायची का, हे ज्याचं त्यानं ठरवावं. कपाट दुसऱ्या खोलीत हलवता येत असेल तर तो मार्ग जास्त बरा.

लांबीबद्दल थोडक्यात. उंचीत पाच-सहा इंच मिळवा, त्यापेक्षा आखूड गादी नको. साडेपाच फुटाच्या माणसाला ७२ इंच पुरतात, पावणेसहाला ७५ आणि सहा फुटाच्या गड्याला ७८. घरातला सर्वांत उंच माणूस धरा. वाढत्या वयाचा मुलगा असेल तर सरळ ७८.

आता एक पर्याय, जो दुकानदार आपणहून फारसा सुचवत नाही : सहा फुटी एक गादी घेण्याऐवजी तीन फुटी दोन. ३६ आणि ३६ मिळून ७२च. मधल्या फटीचा त्रास होतो, नाही असं नाही. जोडलेल्या पलंगात त्या घट्ट बसवल्या आणि वर एकच टॉपर, म्हणजे गादीवर घालायची पातळ गादी, टाकला की तो बराच कमी होतो. बदल्यात मिळतं काय? नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला पावणे आले की एक गादी उचलून हॉलमध्ये टाकता येते. एकाला कडक आणि दुसऱ्याला मऊ हवी असेल तर तेही होतं. शिवाजी पेठेतल्या, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांच्या चिंचोळ्या जिन्यांतून सहा फुटी स्प्रिंगची किंवा कॉयरची गादी वळत नाही, दोरानं गॅलरीतून चढवावी लागते. तीन फुटी मात्र दोघं जण सहज नेतात. फोमच्या काही गाद्या गुंडाळून खोक्यात येतात, त्यांना जाताना अडचण नाही, पण एकदा फुगल्या की घर बदलताना पुन्हा तोच जिना.

पुराच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी तर हा पर्याय आधी पाहावा. सुतारवाड्यात, व्हीनस कॉर्नरच्या आसपास २०१९ आणि २०२१ चा पूर कुणी विसरलेलं नाही. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं सरकायला लागलं की तळमजल्यावरचं सामान वर न्यायची घाई सुरू होते, आणि त्या घाईत किंग गादी उचलायला चार माणसं कुठून आणायची?

कापसाची गादी करून घेणार असाल तर जोडगादीच करा. कापसाला ऊन लागतंच, आणि सहा फुटी कापूस गादी गच्चीवर नेणं म्हणजे तालमीतला व्यायाम. गादीवाला हव्या त्या मापात भरून देतो हा तिचा मोठा फायदा. पलंग आधीचाच, आडमापाचा असेल तर हा मार्ग सर्वांत सोपा. फोमचीही ऑर्डरप्रमाणं मिळते, फक्त तशी कापलेली गादी सहसा परत घेत नाहीत. त्यामुळं चौकटीचं आतलं माप तीन ठिकाणी घ्या, सर्वांत कमी भरेल ते धरा आणि त्यातून अर्धा इंच वजा करून सांगा. बॉक्स बेड असेल तर गादीला खालून हवा लागावी म्हणून गादीखालच्या प्लायला भोकं पाडायला सुताराला सांगायचं विसरू नका.

जाडीही मापातच धरा. १८ इंच उंच बॉक्स बेडवर आठ इंची गादी टाकली की बसायची उंची २६ इंच होते, आणि आईचे पाय लोंबकळतात. वडीलधाऱ्यांच्या खोलीत एकूण उंची १८ ते २० इंचांत ठेवा.

राहिला पैसा. एकाच जातीची, एकाच जाडीची गादी घेतली तर किंगमध्ये क्वीनपेक्षा २० टक्के जास्त माल जातो. चादरीचा खर्च तर लोक धरतच नाहीत. ९० बाय १०० इंचांची नेहमीची डबल चादर सहा इंच जाडीच्या क्वीनवर दोन्ही बाजूंना नऊ-नऊ इंच आत खोचता येते. तीच किंगवर टाकली तर तीन इंचच उरतात, आणि आठ इंची किंगवर एकच. रात्रभरात ती गोळा होणार. म्हणजे लग्नात आहेर आलेल्या सगळ्या चादरी बाजूला ठेवून १०८ बाय १०८ च्या नव्या घ्याव्या लागतील.