ईसीएम गेला: नवा घ्यावा, आपलाच दुरुस्त करावा की जुन्या बाजारातला बसवावा?

गाडी सेल्फ मारते पण सुरू होत नाही, स्कॅनर लावला तर इंजिनाच्या ईसीएमशी, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरशी, संपर्कच होत नाही, आणि गॅरेजमधून निकाल येतो: ईसीएम गेला, बदलावा लागेल. पुढे तीन वाटा असतात. कंपनीचा नवा घ्यायचा, आपलाच बोर्ड दुरुस्त करून घ्यायचा, किंवा जुन्या बाजारातून त्याच नंबरचा आणून त्यात आपला डेटा चढवायचा. बहुतेक जण किंमत ऐकून ठरवतात. माझ्या मते किंमत तिसऱ्या क्रमांकाची गोष्ट आहे. ईसीएम कशामुळे मेला आणि गाडी प्रदूषणाच्या बीएस-४ नियमांची आहे की त्यापुढच्या बीएस-६ ची, हे प्रश्न तिच्या आधीचे.

आणि सर्वांत आधी, तो खरंच मेला आहे का? एबीएसचं मॉड्यूल स्कॅनरला उत्तर देतंय आणि फक्त इंजिनाचं गप्प आहे, तर आधी ईसीएमचा सप्लाय आणि अर्थ (अर्थिंगची वायर) तपासायला सांगा. नुसत्या मल्टीमीटरवर विश्वास ठेवू नका. गंजलेल्या अर्थवरही मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण तो करंट ओढतच नाही. तिथे २१ वॅटचा बल्ब लावून बघायचा. मंद पेटला तर दोष वायरिंगचा. मेन रिले अडकला तरी लक्षणं हुबेहूब हीच. मग पाच व्होल्टची तपासणी. ईसीएम रेल प्रेशर, अ‍ॅक्सिलरेटर पेडल, बूस्ट अशा सेन्सरना पाच व्होल्ट पुरवतो. त्यातला एक सेन्सर आतून शॉर्ट झाला तर ती पूर्ण लाइन खाली बसते आणि ईसीएम मेल्यासारखा वागतो. सेन्सरचे कप्लर (वायर जोडणारे प्लग) एकेक काढत जा. एखादा काढल्यावर पाच व्होल्ट परत आले तर गुन्हेगार सापडला. शेवटी कॅन लाइन, म्हणजे मॉड्यूल एकमेकांशी ज्यावरून बोलतात ती तारांची जोडी: बॅटरी सुटी करून ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर लावतात त्या) ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये साधारण ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर कुठेतरी वायर तुटली आहे किंवा एका टोकाचा रेझिस्टर गायब आहे. हे सगळं तासा-दोन तासांचं काम आहे. ते न करता नव्या ईसीएमचा ॲडव्हान्स मागणाऱ्याला तो देऊ नका.

समजा तपासणीत ईसीएमच दोषी ठरला. तरी कारण शोधावंच लागतं, कारण डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरची कॉइल किंवा त्याची वायर शॉर्ट असेल तर ती ईसीएममधला इंजेक्टर ड्रायव्हर, म्हणजे इंजेक्टरला करंट देणारा भाग, जाळते, आणि नवा बसवला की तोही जाळते. ट्रकमध्ये बॉडीचं वेल्डिंग हे आणखी एक नेहमीचं कारण. बॅटरी आणि ईसीएमचे कप्लर न काढता जोडकाम केलं की वेल्डिंगचा करंट नको त्या वाटेने जातो.

आता महिंद्राच्या एम-हॉक डिझेल इंजिनाची बीएस-४ स्कॉर्पिओ घेऊ. २००८ पासून हे इंजिन आपल्या रस्त्यांवर आहे, त्यामुळे त्याच्या बॉशच्या ईसीएमवर हात बसलेले कारागीर मोठ्या शहरांत मिळतात. ड्रायव्हर जळला, सप्लायचा रेग्युलेटर गेला, पिना गंजल्या, असं काही असेल तर मी डोळे झाकून दुरुस्तीच्या बाजूने आहे. मोठा फायदा पैशांचा नाही, डेटाचा आहे. आपला सॉफ्टवेअर नंबर, इमोबिलायझरची (चुकीच्या किल्लीने इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) किल्लीशी असलेली ओळख, चारही इंजेक्टरचे कोड (प्रत्येकाच्या फवाऱ्यातला बारीक फरक सांगणारे), सगळं त्याच बोर्डवर जिवंत राहतं. परत आणून कप्लर लावला की गाडी सुरू व्हायला हवी. फक्त दोन गोष्टी विचारून घ्या. बोर्ड गरम करून तपासला का? थंड असताना चालणारा आणि अर्ध्या तासाने दगा देणारा ईसीएम काहीच कामाचा नाही. आणि झाकण परत नीट सील केलं का, हवेचा पडदा सिलिकॉनने बुजवला तर नाही ना? तो पडदा बंद झाला तर तापलेला ईसीएम गार होताना कप्लरच्या फटीतून पाणी आत ओढतो, आणि वॉशिंग सेंटरचा एक फवारा पुरेसा होतो.

पुराच्या पाण्यात गेलेल्या ईसीएमबाबत मात्र मी दुरुस्तीच्या विरुद्ध आहे. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरासारखं गाळाचं पाणी बोर्डवर गेलं की गंज चिपच्या पायांखाली शिरतो. वरून साफ केलेला बोर्ड आज चालतो आणि पुढच्या पावसाळ्यात घाटात बंद पडतो. अशा वेळी चावी फिरवूच नका. बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि विमा कंपनीच्या सर्व्हेयरला दाखवल्याशिवाय काही उघडू नका. पूर साध्या ओन डॅमेज विम्यात येतो. आपोआप झालेला इलेक्ट्रिकल बिघाड त्यात येत नाही. त्यामुळे कारण कागदावर काय लिहिलं जातं यावर तुमचा खर्च ठरतो.

कुर्ल्याच्या किंवा दिल्लीच्या मायापुरीच्या बाजारातला जुना ईसीएम ही मधली वाट, आणि तिच्यावर लोक सर्वांत जास्त फसतात. "सेम गाडीचा आहे" हे पुरेसं नाही. लेबलवरचा पूर्ण नंबर जुळला पाहिजे. बॉशच्या डिझेल ईसीएमचा नंबर ०२८१ ने सुरू होतो; पुढचे आकडेही एकेक करून ताडून बघा. नंबर जुळला आणि आपल्या मेलेल्या बोर्डवरची मेमरी अजून वाचता येत असेल, तर ती नव्याने आणलेल्यात जशीच्या तशी चढवतात, म्हणजे क्लोन करतात. हे नीट झालं तर इमोबिलायझरची कटकट उरत नाही. मेमरीच वाचता येत नसेल तर स्वस्त मिळालेला ईसीएम किल्ली ओळखणार नाही, चॅसी नंबर दुसऱ्याच गाडीचा दाखवेल. पावती नसलेला माल चोरीच्या गाडीचा असू शकतो, म्हणून बिलाशिवाय घेऊच नका.

नवा ईसीएम सर्वांत महाग, यात वाद नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे, त्याआधीचं कोटेशन हातात असेल तर नवं मागून घ्या. बीएस-६ गाडीला, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या, मी नव्याचाच सल्ला देतो. या ईसीएमची सुरक्षा कडक असते आणि क्लोनचा जुगार पुष्कळदा फसतो. शिवाय डिझेल गाडीत ईसीएम डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, किती काजळी आणि राख साठली याचा हिशेब ठेवतो. नवा बसवून तो हिशेब स्कॅनरवरून भरला नाही, तर फिल्टर रिकामा आहे असं समजून रिजनरेशनचं, म्हणजे काजळी जाळून फिल्टर साफ करण्याचं, वेळापत्रक चुकतं आणि चांगला फिल्टर तुंबतो. बीएस-४ असो वा ६, इंजेक्टरचे कोड सिलिंडरप्रमाणे भरले का, हे विचाराच. बॉशच्या बऱ्याच इंजेक्टरवर सात अक्षरांचा कोड असतो. तो चुकला की गाडी धडधडते आणि धूर काढते, आणि दोष पुन्हा बिचाऱ्या ईसीएमवर येतो.

ट्रकचं गणित वेगळं आहे. कमिन्स इंजिनाचा टाटा ट्रक उभा राहिला की भाडं बुडतं आणि बँकेचा हप्ता थांबत नाही. म्हणून इथे मी आधी दिवस मोजतो, मग रुपये. कुरिअरने पाठवून दुरुस्त होऊन येणारा बोर्ड आणि डेपोतून येणारा नवा ईसीएम, दोघांच्याही तारखा लेखी घ्या. ज्याची तारीख जवळची आणि खात्रीची, तिकडे जा. नवा कोरा येतो, त्यात इंजिनाच्या सीरियल नंबरवरून कॅलिब्रेशन (डिझेल किती आणि कधी सोडायचं याचा डेटा) चढवावं लागतं. जुना ईसीएम अजून संपर्कात असेल तर कमिन्सच्या इनसाइट सॉफ्टवेअरमधून त्याची सेटिंग आधी सेव्ह करून घ्यायला सांगा. वेगमर्यादेसारख्या गोष्टी त्यात असतात. दुसऱ्या ट्रकचा काढलेला ईसीएम सरळ बसवू देऊ नका. हे इंजिन वेगवेगळ्या हॉर्सपॉवरमध्ये येतं. कॅलिब्रेशन जास्त ताकदीचं असेल तर डिझेलही जास्त पडेल आणि इंजिनावर ताण येईल. आधीच्या मालकाने पासवर्ड टाकलेला असेल तर सेटिंग बदलताही येणार नाहीत.

दुरुस्तीच्या दुकानात "डीपीएफ, ईजीआर पण बंद करून देतो" असं सांगितलं जाईल (ईजीआर म्हणजे धुराचा काही भाग परत इंजिनात सोडून प्रदूषण कमी करणारी यंत्रणा). नको म्हणा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असा बदल करू देत नाही, आणि प्रदूषणाच्या मर्यादा मोडल्या तर कलम १९०(२) खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

पैसे देताना जुना ईसीएम परत मागा, बिलावर दोन्ही ईसीएमचे नंबर लिहून घ्या, आणि वॉरंटी बोर्डाची आहे की फक्त बदललेल्या पार्टची, तेही तिथेच लिहून घ्या.