बोअरच्या जड पाण्यात घरच्या वस्तूंनी साफसफाई : दिवाळीपासून मिरगापर्यंतच्या वापराचा अनुभव

वापर आठ महिन्यांचा. घर अर्धं शहाबादी फरशीचं, अर्धं टाइल्सचं. गॅस आहे आणि चूलही पेटते. पाणी बोअरचं, चुना आणि क्षारांनी इतकं जड की तुरीचं वरण शिजायला वेळ घेतं. या काळात वापरलेल्या वस्तू : लिंबूसत्व, पांढरं व्हिनेगर, धुण्याचा सोडा, खाण्याचा सोडा, रिठे, चिंच, मीठ, पऱ्हाटीची (कपाशीच्या काड्यांची) राख, तुरटी आणि संत्र्याच्या साली.

आधी एक गैरसमज. सगळ्यात जास्त सांगितली जाणारी कृती म्हणजे व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून फेस काढायचा. तो फेस दिसायला जोरदार असला तरी आंबट (आम्ल) आणि खार (सोड्यासारखी अल्कली) एकमेकांना मारतात. कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि उरतं ते जवळपास मिठाचं पाणी. बेसिनच्या जाळीतला सैल कचरा फेसाने जरा हलतो, एवढाच उपयोग. चुन्याचा थर असेल तर आंबट वापरा, तेलकट असेल तर खार. दोन्ही लागणार असतील तर एक पूर्ण धुऊन काढून मगच दुसरं.

आता पांढऱ्या थराबद्दल, कारण आपल्याकडे खरी लढाई त्याच्याशीच आहे. नळाच्या तोंडाला, बादलीच्या काठाला, न्हाणीच्या भिंतीवर बसतो तो ‘खार’ दोन जातींचा असतो. थोडा खरवडून वाटीत घ्या. साध्या पाण्यात विरघळला तर ते मीठ. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाणा भागातल्या गावांत असा थर भेटतो आणि त्याला ओल्या फडक्यापलीकडे काही लागत नाही. पाण्यात विरघळला नाही, पण लिंबाचा थेंब पडताच बुडबुडे आले, तर तो चुना. चुना साबणाने, सोड्याने, राखेने हलत नाही. तारेच्या घासणीने घासत बसलं तर नळाची चमक जाते आणि चुना जागच्या जागी राहतो.

त्यासाठी सगळ्यात कामाची वस्तू लिंबूसत्व, म्हणजे किराणा दुकानात ‘निंबूफूल’ म्हणून मिळणारे साखरेसारखे पांढरे दाणे. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम टाकलं की त्याची ताकद साधारण लिंबाच्या रसाएवढी होते. लिटरभर रस काढायला किती लिंबं लागतील आणि उन्हाळ्यात लिंबाचा भाव काय असतो, हे धरलं तर लिंबं फोडून नळ घासणं परवडत नाही. व्हिनेगरमध्ये चार-पाच टक्के आम्ल असतं, तेही चालतं, पण बंद न्हाणीत त्याचा वास डोक्यात जातो आणि दर थेंबाला ते महाग पडतं. आमच्या वापरातून व्हिनेगर तिसऱ्या महिन्यात जवळजवळ बाद झालं.

नळासाठी जुनं सुती फडकं लिंबूसत्वाच्या पाण्यात बुडवून नळाला गुंडाळायचं आणि अर्धा तास ठेवायचं. हिवाळ्यात एवढं पुरतं. एप्रिल-मे मध्ये फडकं दहा मिनिटांत कोरडं पडतं आणि काम अर्धवट राहतं, म्हणून वरून प्लास्टिकची पिशवी बांधायची. नंतर जुन्या टूथब्रशने घासून दोनदा धुवायचं. चमकीचा मुलामा कुठे उडालेला असेल तर अर्ध्या तासाच्या वर ठेवू नका, आम्ल त्या भेगेतून आत जाऊन मुलामा आणखी उचलतं. आणि शेवटी कोरड्या फडक्याने पुसायचंच. थर बसतो तो थेंब तिथेच वाळल्यामुळे. रोज रात्री नळ आणि बेसिन कोरडं पुसलं तर आठवड्याचं काम महिन्यावर जातं. आठ महिन्यांत सगळ्यात स्वस्तात झालेली सफाई हीच.

पाणी तापवायच्या रॉडवरचा थरही याच पाण्याने निघतो. प्लग काढून, रॉड पूर्ण गार झाल्यावर फक्त वेटोळ्याचा भाग तासभर बुडवायचा. वरची प्लास्टिकची टोपी आणि वायरची जोडणी कोरडी राहिली पाहिजे. थर चाकूने ठोकून काढू नका, नळीला चीर गेली की पाण्यात करंट उतरतो. जाड थर तसाच ठेवला तर उष्णता बाहेर पडत नाही, आतली तार जास्त तापते आणि रॉड लवकर जळतो.

मग सगळं घर लिंबूसत्वाने का पुसू नये? कारण खाली काय आहे ते आधी बघावं लागतं. शहाबादी हा चुनखडीचा दगड. कोटा आणि कडप्पा त्याच कुळातले. जे आम्ल नळावरचा चुना खातं, तेच फरशीही खातं. व्हिनेगर घातलेल्या पाण्याने पुसलेली शहाबादी पहिल्या आठवड्यात स्वच्छ वाटते, दोन महिन्यांत खरखरीत होते, आणि मग त्या खरखरीत माती अडकून ती कायमची मळकट दिसते. कडप्प्याच्या ओट्यावर लिंबू कापलं की पांढुरका डाग पडतो, तो डाग नव्हे, दगड खाल्लेला असतो, म्हणून पुसून जात नाही. सिमेंटचा कोबा आणि संगमरवर यांनाही आंबट वर्ज्य. ग्लेझ टाइल्सना चालतं, पण सांध्यातलं सिमेंट झिजतं, म्हणून टाइल्सवर ओतायचं नाही, फडक्याने लावायचं आणि पाच-सात मिनिटांत धुवायचं.

शहाबादीवर तेल सांडलं तर खाण्याचा सोडा आणि पाणी यांचा घट्ट लेप अर्धा इंच जाड लावून, वर ओलं फडकं टाकून रात्रभर ठेवा. सकाळी लेप वाळला की तेल वर ओढलेलं असतं. जुन्या डागाला दोन-तीन वेळा करावं लागतं. वावरातून पायाला लागून आलेल्या काळ्या मातीचं तंत्र वेगळंच. ही माती पाणी पिऊन फुगते आणि चिकटते. ओल्या चिखलावर ओलं फडकं फिरवलं तर ती दगडाच्या छिद्रांत भरते. वाळू द्या, फड्याने झाडा, मगच पुसा. पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ आलं तर पुसण्याआधी बादलीत तुरटीचा खडा दोन-चार वेळा फिरवून तासभर ठेवा आणि वरचं निवळ पाणी घ्या. तुरटीने गाळ बसतो, जडपणा मात्र कमी होत नाही. त्यामुळे ‘तुरटीने खार जातो’ हे आम्हाला कुठेही दिसलं नाही.

कूलर. विदर्भात हा अर्धा उन्हाळा. कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि त्यातला चुना, मीठ टाकीतच राहतं. वरून रोज नवीन बोअरचं पाणी भरत गेलं की टाकीतलं पाणी दिवसागणिक आणखी जड होतं. म्हणून नुसतं भरत राहणं हीच मुख्य चूक. दर चौथ्या-पाचव्या दिवशी टाकी पूर्ण रिकामी करा. त्याच वेळी आतल्या भिंती ब्रशने घासा, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेघेच्या जरा वर चिकटलेली असतात आणि कोरड्यात महिनोन्‌महिने टिकतात. पाणी सांडून दिलं म्हणजे अंडी गेली असं होत नाही.

पंपाची धार बारीक झाली तर प्लग काढून पंप बाहेर घ्या, खालची जाळी उघडून आतली पंखी बघा. लिटरला ३० ग्रॅम लिंबूसत्वाच्या पाण्यात पंप तासभर बुडवून ठेवा, मग ब्रशने घासून साध्या पाण्यात दोनदा चालवा. हे प्लास्टिकच्या टाकीत केलं तरी चालतं. पत्र्याच्या टाकीत चुकूनही नाही. आम्ल जस्ताचा थर खातं आणि पुढच्या हंगामात तळ गळतो. पत्र्याच्या टाकीला ओला ब्रश, प्लास्टिकची खरवडणी आणि कष्ट, दुसरा उपाय सापडला नाही. गवताच्या ताट्यांवर बसलेला चुना काढायच्या भानगडीत पडू नका. गवत कुजतं, वास तोच राहतो. दरवर्षी बदला.

तेलकट कामाला धुण्याचा सोडा. लिटरभर गरम पाण्यात दोन मोठे चमचे. शेगडीच्या जाळ्या वीस मिनिटं बुडवल्या की चिकटा सुटतो. करपलेल्या स्टीलच्या गंजात (पातेल्यात) लिटरला एक चमचा टाकून दहा मिनिटं उकळा, लाकडी उलथन्याने निघतं. हाताला मोजे घालाच, हा सोडा कातडी सोलवटतो. जर्मनच्या म्हणजे ॲल्युमिनियमच्या भांड्याला तो लावायचा नाही, भांडं काळं पडतं आणि खड्डे पडतात. आधीच काळं पडलेलं असेल तर त्यात चिंचेचं पाणी दहा मिनिटं उकळा, उजळतं. कुकरच्या तळाच्या पाण्यात लिंबाची फोड टाकली की काळं पडतच नाही. ऑइलपेंटच्या दारांनाही हा सोडा नको, रंग मऊ होतो.

या सोड्याचा दुसरा उपयोग कमी लोकांना माहीत आहे. साबणाआधी तो पाण्यात टाकला की पाण्यातला चुना पांढरी भुकटी होऊन खाली बसतो आणि साबण वाया जात नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो. ४०० च्या आसपास असेल तर १५ लिटरच्या बादलीला एक मोठा चमचा सोडा पुरतो. ढवळा, अर्धा तास थांबा, वरचं पाणी घ्या. पांढऱ्या कपड्यांवर येणारी राखाडी झाक, म्हणजे साबण आणि चुन्याची साय, यानेच कमी झाली. रेशीम आणि लोकरीला हे पाणी वापरू नका.

त्यांच्यासाठी रिठे. जड पाण्यातही रिठ्याची साय बनत नाही, ही त्याची खरी किंमत. पंधरा-वीस रिठ्यांच्या बिया काढून साली लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी पंधरा मिनिटं उकळा, कुस्करून गाळा. हिवाळ्यात तीन दिवस टिकतं, मे महिन्यात दुसऱ्याच दिवशी आंबतं. चांदीचे दागिने, शालू, स्वेटर यांना उत्तम. जळक्या तेलापुढे मात्र ते कमी पडतं. डोळ्यात गेलं तर फार झोंबतं, लेकरांच्या हाती देऊ नका.

राखेला मी पूर्ण गुण देतो, अट एकच : चुलीत पऱ्हाटी, तुराटी, लाकूड एवढंच जळलेलं असावं. प्लास्टिक किंवा खताची पिशवी जळालेली राख भांड्याला लावू नये. राख बारीक चाळणीने चाळा, नाहीतर वाळूचे कण स्टीलवर ओरखडे पाडतात. गिलक्याच्या वाळलेल्या जाळीवर ओली राख घेतली की तुपाची कढईसुद्धा निघते, कारण राखेतला खार तेलाचा साबण करतो. पितळी गुंडाला, तांब्याच्या हंड्याला आधी चिंचेचा कोळ आणि मीठ, दोन-तीन मिनिटं, लगेच धुणं, मग राखेचा हात, पुन्हा धुणं आणि कोरडं पुसणं. चिंच राहून गेली तर हिरवट कळंक चढतो. कल्हईच्या भांड्याला आतून हे करू नका, कल्हई उतरते.

ओट्यावर हळद सांडली तर साबण लावताच ती लाल होते. घाबरू नका, खारात हळदीचा रंग तसाच बदलतो. फडक्यावरचा हळदीचा डाग दोन दिवस कडक उन्हात ठेवला की फिका पडतो.

संत्र्याच्या सालीचं बायोएन्झाइम डिसेंबरात लावलं : साली तीन भाग, गूळ एक भाग, पाणी दहा भाग, तीन महिने. काचेच्या बाटलीत लावू नका, गॅसने फुटते. जाड प्लास्टिकचा डबा घ्या, तिसरा भाग रिकामा ठेवा, पहिला महिनाभर रोज झाकण सैल करा. बादलीला अर्धा कप टाकून टाइल्स पुसल्या की वास छान येतो आणि हलका मळ निघतो. तेलावर चालत नाही. शिवाय ते आंबट आहे, म्हणजे शहाबादीला नको. वरूड-मोर्शीकडे साली फुकट मिळतात त्यांनी जरूर लावावं, बाजारातून संत्री आणून त्यासाठी सोलण्यात अर्थ नाही.

शेवटी संडास. भांड्यातला पिवळा कडक थर म्हणजे लघवीतले क्षार आणि आपला चुना. आधी पाणी काढून टाका, अर्ध्या लिटर गरम पाण्यात १०० ग्रॅम लिंबूसत्व करून रात्री ओता, सकाळी ब्रश मारा. ग्रामपंचायतीतून मिळणारी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, त्याच दिवशी तिथे टाकू नका. ब्लीचिंग आणि कुठलंही आंबट, मग ते लिंबूसत्व असो की बाजारातलं ॲसिड, एकत्र आलं की क्लोरिन वायू सुटतो, आणि बंद संडासात तो जीवावर बेततो. चुकून झालंच तर दार उघडं टाकून आधी बाहेर पडा, पाणी नंतर ओता. आमच्याकडे टीसीएल बाहेर छपरीत, उंचावर, झाकणाच्या डब्यात असते. लिंबूसत्व घरात, नाव लिहिलेल्या बरणीत, कारण ते हुबेहूब साखरेसारखं दिसतं.