वेवर्ड चिल्ड्रन सिरीज: दारातून परत आलेल्या पोरांची गोष्ट

शॉनन मॅग्वायरची 'वेवर्ड चिल्ड्रन' ही छोट्या इंग्लिश फँटसी कादंबऱ्यांची सिरीज मी सध्या भेटेल त्याला वाचायला सांगतेय, तर म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं.

दारातून दुसऱ्या जगात जाणाऱ्या मुलांच्या गोष्टी आपण सगळ्यांनी वाचल्यात, मूल तिकडे जातं, पराक्रम करतं, मग घरी येऊन आईच्या हातचं जेवतं आणि गोष्ट संपते. इथे गोष्ट त्याच्यानंतर सुरू होते. पोरं परत आलीयेत आणि त्यांना परत यायचंच नव्हतं. तिकडे पहिल्यांदा कोणीतरी त्यांना आहे तसं स्वीकारलं होतं, आणि इकडे आईबाप म्हणतायत की पोरगी हरवली होती, डोक्यावर परिणाम झालाय, कुठेतरी नीट करून आणा. अशा पोरांसाठी एलिनोर वेस्ट नावाची बाई शाळा चालवते, ती स्वतःही लहानपणी अशाच एका दारातून गेलेली, आणि म्हातारपणी डोकं पुरेसं भरकटलं की परत तिकडेच जायचं तिने ठरवून ठेवलंय. शाळेच्या पाटीवर लिहिलंय की विक्रेते नकोत, पाहुणे नकोत, मोहिमा नकोत.

पहिल्या पुस्तकात, 'एव्हरी हार्ट अ डोअरवे' (2016), नॅन्सी या शाळेत येते. ती मृतांच्या जगात राहून आलीय, तिथे पुतळ्यासारखं निश्चल उभं राहणं ही तिची कला होती आणि अजून तिला अंगावर फक्त काळं-पांढरं लागतं. खोलीत येऊन बॅग उघडते तर आईवडिलांनी तिचे कपडे काढून घेऊन रंगीबेरंगी भरून दिलेले, सोबत चिठ्ठी, तिचा अर्थ एवढाच की आमची खरी मुलगी आम्हाला परत हवीय. तिचा छळ करणारे नाहीत हो ते, प्रेम करणारेच आहेत, म्हणून ते पान जास्त लागतं. माझी भाची अकरावीला आहे, तिने केस बारीक कापल्यापासून घरात रोज चालू होतं, 'आधी किती छान दिसायचीस गं'. तिला हे पुस्तक दिलं, रात्रीत संपवलं तिने आणि सकाळी म्हणाली, आत्या, ते बॅगेचं पान बाबांना वाचून दाखव. मी दाखवलं. दादा काही बोलला नाही, पण केसांचा विषय तेव्हापासून बंद आहे.

आपल्या बडोद्याच्या मराठी घरांना हा धागा पटकन कळेल असं मला वाटतं. आजोबा-पणजोबांपासून दांडिया बाजारात राहतो, गुजराती घरच्यासारखी बोलतो, तरी इथे विचारतात 'तमे मराठी छो ने?' आणि पुण्याला लग्नाला गेलं की 'तुम्ही गुजरातकडचे ना, मराठी छान बोलता की'. विचारणारे दोन्हीकडचे प्रेमानेच विचारतात, तरी उत्तर देताना क्षणभर अडखळायला होतंच. मॅग्वायर या प्रश्नात जन्मगावाला धरतच नाही, जिथे तुझ्या स्वभावाला जागा आहे ते तुझं घर, मग ते लाल चंद्राचं आणि व्हॅम्पायरचं माळरान का असेना. शाळेत तर या जगांचा चक्क नकाशा आहे, नॉन्सेन्स आणि लॉजिक समोरासमोर, व्हर्च्यू आणि विकेड समोरासमोर, आणि ज्या पोराला लॉजिकच्या जगात शांत वाटलं त्याला नॉन्सेन्सवाल्याबरोबर एका खोलीत राहणं किती जड जातं हेही तिने दाखवलंय.

माझं लाडकं पुस्तक मात्र दुसरं, 'डाउन अमंग द स्टिक्स अँड बोन्स'. जुळ्या बहिणी जॅकलीन आणि जिलियन, आईबापाने जन्मल्या-जन्मल्या वाटणी करून टाकलेली, एक फ्रॉक घालून नीटनेटकी बसणारी आणि दुसरी मैदानात खेळणारी, कारण चारचौघांत दाखवायला एक-एक नमुना हवा होता. पहिली पाच वर्षं त्यांना आजी सांभाळते, खरं प्रेम तेवढंच, आणि मग एक दिवस आईबाप आजीला घरी पाठवून देतात, निरोपसुद्धा घेऊ देत नाहीत. मी तिथे पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले होते. पुढे त्याच आजीच्या पेटीत त्यांना खाली जाणारा जिना सापडतो आणि त्या माळरानात पोचल्यावर दोघी आयुष्यात पहिल्यांदा स्वतः निवड करतात, फ्रॉकवाली जॅक वेड्या शास्त्रज्ञाकडे शिकायला राहते आणि मैदानवाली जिल व्हॅम्पायरच्या किल्ल्यात राजकन्येसारखी. पुढचं सांगत नाही, पण त्या निवडीची किंमत दोघींनाही मोजावी लागते.

चौथं, 'इन ॲन ॲब्सेंट ड्रीम', त्याच तोडीचं आहे. गॉब्लिन मार्केट नावाचा बाजार, तिथे प्रत्येक गोष्टीचा रास्त मोबदला द्यायचा, पैशातच असं नाही, आणि लंडी नावाच्या मुलीने अठरा वर्षांची व्हायच्या आत इकडे की तिकडे हे ठरवायचं. पहिलं पुस्तक वाचलेल्याला लंडीचं काय होणार हे आधीच माहीत असतं तरी पानापानाला वाटत राहतं की या वेळी सुटेल ही.

सगळं सारखं चांगलं नाही. पहिल्यात खुनाचं रहस्य आहे ते फार लवकर ओळखू येतं, तिसऱ्यातलं मिठायांचं जग मला जरा जास्तच गोड झालं, आणि सहाव्यात रेगन या मुलीचं सेंटॉरांबरोबर, म्हणजे अर्धं माणूस अर्धा घोडा अशांबरोबर, राहणं इतकं सुंदर लिहिलंय की शेवट घाईत उरकलेला बघून हळहळ वाटते. आठवं, 'लॉस्ट इन द मोमेंट अँड फाउंड', मुलांना देण्याआधी मोठ्यांनी वाचा, त्यात सावत्र बापाची वागणूक घाबरवणारी आहे, लेखिकेने मात्र सुरुवातीलाच सांगून ठेवलंय की काही घडण्याआधी मुलगी पळून जाते, आणि असं आधी सांगणं मला फार माणुसकीचं वाटलं. ती पळून ज्या हरवलेल्या वस्तूंच्या दुकानात पोचते ते वाचताना मला आपल्या मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीतले लोखंडी रॅक आणि काचेची जमीन आठवत होती, वरच्या मजल्यावरची पावलं खालून दिसतात तशी.

पहिल्या पुस्तकाला ह्यूगो, नेब्युला आणि लोकस हे विज्ञानकथा-फँटसीचे तिन्ही मोठे पुरस्कार मिळालेत, आणि 2022 मध्ये अख्ख्या सिरीजला ह्यूगो. पुस्तकं छोटी आहेत, बहुतेक दीडशे-दोनशे पानांची, इंग्लिश सोपं आणि आजीने गोष्ट सांगावी तसं, पुढच्या पुस्तकांत रोव्हिना कायची चित्रंही आहेत. साधारण एक पुस्तक शाळेतलं आणि एक कोणाच्या तरी जुन्या जगातलं असं आलटून पालटून चालतं, त्यामुळे दुसरं, चौथं, सहावं सुटं वाचलं तरी कळतं, पण तिसरं किंवा पाचवं आधी धरू नका, मागचं माहीत नसेल तर काहीच लागणार नाही. मोठाल्या लढाया आणि राजघराण्यांच्या वंशावळी आवडणाऱ्यांना हे तोकडं वाटेल. पाचवं सध्या भाचीकडे आहे, बडोद्यात कोणाला हवं असेल तर सांगा, पहिली दोन मी आजही देऊ शकते.